काय म्हन्ते तुहा समुद्र?

तीस वर्षं मी पाऊस मोजला. सरकारी नोकरीत, पगार घेऊन. रोज सकाळी साडेआठला कचेरीच्या आवारातल्या तारेच्या कुंपणात जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा आणि आकडा लिहायचा. मार्च-एप्रिलमध्ये त्या बाटलीत पाण्याऐवजी कोळ्याचं जाळं असायचं, तरी जायचं आणि शून्य लिहायचं. कचेरीत मला ‘बारिश बाबू’ म्हणत. पडून गेलेल्या पावसाबद्दल माझ्याइतका खात्रीचा माणूस मध्य प्रदेशातल्या अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात नव्हता. पुढे पडणाऱ्या पावसाबद्दल मला काही कळत होतं असं मात्र मुळीच नाही. ते कळतं असं मला निवृत्तीनंतर वाटायला लागलं.

त्याला कारण एकच घटना. निवृत्तीच्या वर्षी, दिवाळीनंतर, मी मोबाईलवर नवा नवा हवामानाचा नकाशा बघायला शिकलो होतो. बंगालच्या उपसागरात एक गोल फिरताना दिसला. मी गावी दादाला फोन करून सांगितलं, कापू नको, पाणी येतं. दादानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी असं पाणी आलं की गावातल्या सगळ्यांच्या कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, तरंगल्या, आणि आमचं तेवढं उभं राहिलं. त्या एका खऱ्या ठरलेल्या अंदाजावर मी सहा वर्षं भाव खाल्ला. गावी गेलो की लोक खाट टाकून बसवत आणि आभाळाकडे बोट दाखवून विचारत, “साहेब, काय म्हनते?” मीही आभाळाकडे बघून, डोळे बारीक करून, काहीतरी सांगत असे.

आमचं गाव किरनापूरच्या पुढे, सडकेपासून आत. वडिलांची शेती अजून वाटली गेलेली नाही. करतो दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वहिनी. शेतात माझा वाटा आहे, घाम नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, शहरात घर बांधलं, आणि दरवर्षी तिथून येणारा चिन्नोरचा तांदूळ खात आलो. चिन्नोर म्हणजे आमच्या भागातलं वासाचं धान. उशिरा पिकतं, माणसाच्या छातीइतकं उंच होतं, आणि जरा वारा आला की आडवं पडतं. गावातल्या बहुतेकांनी ते कधीच सोडून दिलं. दादानं दोन एकरांत टिकवून ठेवलं आहे, कारण त्याचं बी आईच्या हातचं आहे. बाजारातून आणलेलं नाही. दरवर्षी त्याच बांधीतलं निवडून पुढच्या वर्षी पेरायचं, असं आईपासून चालत आलेलं. एका वर्षी बी गेलं की संपलं. हे मला माहीत होतं, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला सवलत द्यायला नको.

या सगळ्यात माझं योगदान काय, तर हवामान. दादा रोज संध्याकाळी सातला फोन करी. ढोरं बांधून, हातपाय धुऊन. आम्हा दोघांत बोलण्यासारखं फार काही उरलेलं नाही. त्याला माझ्या पेन्शनीतलं कळत नाही, मला त्याच्या युरियातलं. पण तो फोन करायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

“काय म्हन्ते तुहा समुद्र?”

बालाघाटात राहणाऱ्या माणसाला समुद्राबद्दल विचारणारा तो एकटाच. मी आयुष्यात समुद्र एकदाच बघितला आहे, आणि तेव्हाही चप्पल भिजली म्हणून चिडून परत आलो होतो. पण दादानं विचारलं की मला छाती फुगल्यासारखं व्हायचं. दिवसभर मी त्या प्रश्नाची तयारी करत असे, हे बायकोला सोडून कोणाला माहीत नव्हतं.

गोष्ट आहे मागच्या कार्तिकातली. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी चहाबरोबर नकाशा उघडला, तर अंदमानजवळ ढगांचा एक पसरट पुंजका. कमी दाबाचं क्षेत्र. सरकारी बुलेटिनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: येत्या काही दिवसांत तीव्र होण्याची शक्यता मध्यम. मी ते वाक्य तीनदा वाचलं. ‘मध्यम’ हा शब्द मला दिसला नाही असं नाही. दिसला, आणि मी तो बाजूला ठेवला. तीस वर्षं मी रेषेला डोळा लावून आकडा वाचला होता. मध्यम नावाचा आकडा माझ्या मापावर कधी नव्हता.

संध्याकाळी सातला फोन आला.

“काय म्हन्ते तुहा समुद्र?”

“दादा, अंदमानकडे गोल बनून राह्यला.”

“मंग?”

“मंग कापू नको. चार दिवसांत तुफान येते.”

“अरे, परवा आपली पाळी हाये,” दादा म्हणाला. “परवा कापलं, तीन दिवस ऊन भेटलं, का पुंजन्यात जाते.”

ही पाळी काय ते सांगायला हवं. कापणीला माणसं मिळेनाशी झाली तेव्हापासून आमच्या गावात आठ घरांनी एक रीत बांधून घेतली आहे. दिवाळीच्या पाडव्याला बसून क्रम ठरवायचा, आणि मग आठही घरच्यांनी मिळून रोज एकेकाची बांधी कापायची. आज याची, उद्या त्याची. कोणाचं शेत मोठं असलं तर दोन दिवस. कापलेलं धान मुठीमुठीनं बांधीतच पसरून ठेवतात, त्याच कडपा. त्या तीन-चार दिवस उन्हात वाळल्या की भारे बांधायचे आणि गंजी रचायची, तिला पुंजणं म्हणतात. एकदा पुंजणं झालं आणि वरून झाकलं, की मग आभाळ फाटलं तरी चालतं. पुढे ते मोडून चुरणं, म्हणजे मळणी, करायची तेवढे दिवस मात्र कोरडे हवेत. ज्याला आपल्या दिवशी कापायचं नसेल त्यानं पाळी सोडायची. पण सोडली की सरळ शेवटी जायचं. मधे घुसता येत नाही, आणि रोज दुसऱ्यांच्या बांधीत कापायला मात्र जावंच लागतं. दादाची पाळी त्या वर्षी दुसरी होती.

“अन् तीन दिवस नाही भेटले तं?” मी म्हणालो. “कडपा तरंगतीन. त्या साली पाह्यलं ना? उभं राहू दे.”

पलीकडे वहिनी कुणाला तरी ओरडत होती, बहुधा म्हशीला.

“पक्कं ना?” दादानं विचारलं.

“पक्कं.”

तो शब्द माझ्या तोंडून कसा सहज निघाला, ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दादानं दुसऱ्या दिवशी पाळी सोडली.

मग सुरू झालं ते वाट बघणं. एखादं तुफान यायचं तर यावं आणि जायचं तर जावं. हे बेटं तिथंच बसलं. सकाळी बघावं तर अंदमानच्या डावीकडे बोटभर, दुपारी बघावं तर तिथंच. मोबाईलवर दोन नकाशे होते. एक अमेरिकेचा, तो म्हणे आंध्रात येणार. दुसरा युरोपचा, तो म्हणे ब्रह्मदेशाकडे जाणार. मी सकाळी अमेरिकेवर विश्वास ठेवायचो आणि संध्याकाळी युरोपला शिव्या घालायचो. वादळ जोर धरल्याशिवाय त्याला नाव देत नाहीत. याला नावही पडलेलं नव्हतं, आणि मी त्याच्या नावानं दादाचं शेत अडवून ठेवलं होतं.

बुलेटिन रोज यायचं, आणि रोज तेच. शक्यता मध्यम. पुढचे अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवा. अठ्ठेचाळीस तास संपले की नवे अठ्ठेचाळीस तास. लिहिणाऱ्यांचा दोष नव्हता, त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच ते प्रामाणिकपणे लिहीत होते. राग कोणावर काढावा तेच कळेना, म्हणून मी तो घरात काढत होतो. भाजीत मीठ कमी, पंख्याचा आवाज जास्त, पेपरवाला उशिरा. आणि बाहेर कसं ऊन! कार्तिकातलं लख्ख, कोरडं, कडपा वाळवायला जसं हवं तसं ऊन. गच्चीवर मी हौसेनं एक पर्जन्यमापक लावला आहे. रोज साडेआठला त्यात डोकावायचो. शून्य. नोकरीत असताना शून्य लिहिताना मला कधी अपमान वाटला नव्हता.

बायको चौथ्या दिवशी म्हणाली, “अहो, एवढं दिवसभर तर तुम्ही माझ्याकडे लग्नाच्या वर्षीही बघितलं नाही.”

“तुला कळत नाही त्यातलं,” मी म्हणालो.

“मला नाही कळत ते बरं आहे. मी कुणाला फोनवर सांगत तर नाही.”

शेजारी भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून दात घासतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतात. त्यांनी तोंडातला फेस सांभाळत विचारलं, “क्यों बाबूजी, आपका तूफान पैदल आ रहा है क्या?” मी हसलो. घरात येऊन दार जरा जोरात लावलं.

आणि रोज सातला फोन. दादाचा आवाज तसाच असायचा, फक्त दिवसागणिक थकलेला. कारण तो रोज दुसऱ्याच्या बांधीत कापून यायचा.

“काय म्हन्ते तुहा समुद्र?”

“अजून तिथंच हाये.”

“सगळ्याइचं कापनं चालू हाये. ऊन तं चांगलं पडून राह्यलं.”

“ऊन पडते दादा, त्याच्यापुढेच तं येते ना तुफान.”

असलं काहीतरी मी ठोकून द्यायचो. एकदा फोन वहिनीनं घेतला. तिचा स्वभाव थट्टेचा, पण त्या दिवशी आवाजात थट्टा कमी होती. “भाऊजी, तुमचं पानी आमालेच दिसून राह्यलं फक्त. बाकीच्याइले काहून नाही दिसत? लोंब्या झडून राह्यल्या चिन्नोरच्या. बांधीत उंदरं लागले.” मी म्हणालो, “वहिनी, दोन दिवस थांबा.” ती म्हणाली, “थांबलोच तं हावो.”

माघार घेता आली असती का? याचा मी खूप विचार केला आहे. पाचव्या दिवशी, सहाव्या दिवशी मला स्वतःलाच पटेनासं झालं होतं. पण पाळी तर गेलेली होती. आता “काप” म्हटलं तरी कापायला हात कुठून येणार? दादा आणि वहिनी दोघांनी दोन एकर कापायचं म्हटलं तर आठवडा गेला असता, आणि दिवसभर तर ते दुसऱ्यांकडे बांधलेले. हार्वेस्टर लावावा तर उभं सुकलेलं चिन्नोर त्यात अर्धं झडतं, आणि आमच्या वरच्या बांधीपर्यंत त्याला वाटही नाही. म्हणजे मी चूक कबूल केली असती तरी शेताचा काही फायदा नव्हता. हे कारण मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते मला पटलं. खरं कारण वेगळं होतं. चूक कबूल केली असती तर दादानं दुसऱ्या दिवशी सातला फोन का केला असता?

सातव्या दिवशी जरा हालचाल झाली. बुलेटिनमध्ये ‘अधिक स्पष्ट’, म्हणजे क्षेत्र जोर धरतंय, असे शब्द आले. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. दोन एकर उंच, वाळलेलं, वाऱ्यानं आडवं होणारं धान उभं आहे, ते आपलंच आहे, आणि मी तुफान येतंय म्हणून खूष. पोरगी नागपूरहून आलेली होती. तिला मी नकाशा दाखवला. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेऊन दोन बोटांनी तो मोठा केला आणि म्हणाली, “पापा, ये तो बिखर रहा है. देखो ना, बीच में कुछ है ही नहीं.” बघतो तर खरंच, गोलाच्या मधोमध भोक. तिला मराठी येतं, पण वाईट बातमी ती हिंदीतच देते.

नवव्या दिवशी बुलेटिन आलं: क्षेत्र कमजोर. दहाव्या दिवशी ते बुलेटिनमधून नाहीसं झालं. सगळ्या नकाशांवरून गोल पुसला गेला, आंध्राच्या किनाऱ्यावर नुसता पांढरा धूर राहिला. मला इतका वैताग आला होता की मी मोबाईल उशीखाली टाकून दिला. त्याच संध्याकाळी दादा म्हणाला, “उद्या आपली पाळी लागते. कापू काय?”

“काप दादा,” मी म्हणालो. “आता काहीच येत नाही. पक्कं.”

बघा, पुन्हा ‘पक्कं’. नकाशावर किनाऱ्यावरचा पांढरा धूर मी बघितला होता. तो कुठे जातो हे बघायला हवं होतं, एवढं शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. पण मला त्या प्रकरणाचं तोंडही बघायचं नव्हतं. पहिल्यांदा मी चुकलो ते मोठेपणापायी, दुसऱ्यांदा कंटाळ्यापायी.

अकराव्या दिवशी आठ घरच्यांनी मिळून चिन्नोर कापलं. कडपा पडल्या. बाराव्या दिवशी दुपारी बालाघाटात ऊन फिकं झालं. तेराव्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो तर आग्नेयेकडून राखाडी आभाळ आलेलं, आणि मी उभा असतानाच टपटप सुरू झालं. वादळ नव्हतं. वारासुद्धा नव्हता. विरून गेलेल्या त्या गोलाचं उरलंसुरलं पाणी, मुकाट, एका लयीत, दिवसभर पडत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मोजलं: सत्तावीस मिलिमीटर. जिल्ह्यात कोणाचं काही बिघडलं नसेल त्यानं. आमच्या गावात सात घरांची पुंजणी झाकून तयार होती. बाहेर फक्त आमचंच होतं.

आदल्या संध्याकाळी सातला फोन आला नव्हता. सव्वासातला मी मोबाईल उलटासुलटा करून बघितला, आवाज बंद तर नाही ना. साडेसातला बायको म्हणाली, “तुम्हीच लावा की.” मी लावला नाही. काय सांगणार होतो?

सकाळी पाऊस मोजून झाल्यावर मी बाजारातून दोन मोठ्या ताडपत्र्या घेतल्या, स्कूटरला बांधल्या आणि निघालो. ताडपत्री पाऊस येण्याआधी नेतात, हे वाटेत किरनापूरच्या चौकात लक्षात आलं. तिथं चहाला थांबलो होतो, चहावाला ताडपत्र्यांकडे बघून म्हणाला, “अब तो खुल गया, भैया.” खरंच आभाळ उघडत होतं. तिथून परत फिरावं असं वाटलं. पण तेवढा निर्लज्ज मी नाही.

शेतावर पोचलो तर बांधीत सगळे वाकलेले. दादा, वहिनी आणि उरलेल्या सात घरच्या बाया-माणसं. पाळी संपली होती, कोणाचं कोणाकडे काही राहिलं नव्हतं, तरी सगळे आले होते. भिजलेल्या कडपा एकेक उचलायच्या, पाणी झटकायचं, आणि उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन उलट्या टाकायच्या. बांधीच्या खोलगट भागात घोट्याइतकं पाणी. चिन्नोरचा तो वास, जो मला लहानपणापासून लांबून ओळखू येतो, त्यात आंबूस काहीतरी मिसळलेलं होतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो.

माझ्या शेजारी एक म्हातारी कडपा उचलत होती. तिनं मान न वळवता विचारलं, “साहेब, मोजाले आले काय?”

कोणी हसलं नाही. तिथं उत्तर द्यायला माझ्याकडे सत्तावीस मिलिमीटरशिवाय दुसरं काय होतं?

दुपारपर्यंत कापलेल्या धसकटांनी माझी बोटं सोलून निघाली. दादा रागावलेला दिसत नव्हता, नुसता काम करत होता. अधूनमधून तो एखादी लोंबी तोडून हातावर चोळायचा आणि दाणा बघायचा. मीही एक चोळून बघितला. दाण्याच्या टोकाला पांढरा, सुईच्या अग्राएवढा कोंब. मग दुसरी लोंबी, तिलाही तेच. खायला निघेल थोडंफार, तुटका तांदूळ होईल, काळपट होईल, पण बी? कोंब आलेलं धान पुढच्या वर्षी उगवत नाही. आईपासून चालत आलेलं बी मी एका ‘पक्कं’वर बुडवलं, असं मला त्या चिखलात उभं राहून वाटलं, आणि मला रडू आलं. घाम पुसल्यासारखं करून मी तोंड पुसलं.

जेवायला घरी गेलो. हात धुऊन पडवीत आलो आणि वर बघितलं. आड्याला, उंदीर पोचणार नाही अशा तारेला, धानाची एक जुडी टांगलेली होती. लांब लोंब्यांची, सोनेरी, खडखडीत वाळलेली. तिच्या बाजूला दुसरी, तिसरी. बारा-पंधरा जुड्या असतील. खाली सुपात झोडून घेतलेलं बीही होतं. मी मूठभर हातात घेतलं, दाणे कोरडे आणि टणक. वास ओळखीचा.

“दादा, हे कधीचं कापलं?”

दादा भाकरीचा तुकडा मोडत होता. “तू कापू नको म्हनाला ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. पाहाटे जाऊन कोपरा कापून आनला मी अन् तुह्या वहिनीनं. बियाचं होतं.”

“म्हंजे तुले वाटलंच होतं, का पानी येत नाही?”

“मले काय वाटते? ऊन दिसून राह्यलं होतं, धान पिकलं होतं. मले कापाचंच होतं.”

“मंग बाकीचं काहून ठेवलं?” माझा आवाज चढला. “काहून पाळी सोडली? काहून मले म्हनलं नाही, का चूप बैस, मी कापतो?”

वहिनी चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत तव्याकडे वळली. दादानं घास खाल्ला, पाणी प्याला, मग म्हणाला:

“तू रोज त्या मोबाईलात पाहून सांगते. तुह्या बोलाचा मान ठेवला. बियाचा मान वेगळा हाये.”

मला त्याचा भयंकर राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी स्वतःपेक्षा त्याचा जास्त आला. दोन एकर चिन्नोर, वर्षभराची मेहनत, सात घरांचे टोमणे, हे सगळं या माणसानं माझं मन राखायला उभं ठेवलं! आणि मी तिकडे गोलाच्या मधलं भोक बघून हळहळत बसलो होतो. मला मान नको होता, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते खोटं झालं असतं. मला तोच तर हवा होता, रोज सातला. म्हणून मी भाकरी खाल्ली, आणि परत बांधीत जाऊन संध्याकाळपर्यंत कडपा उलटत राहिलो. ताडपत्र्या स्कूटरला बांधलेल्याच राहिल्या.

पुढच्या आठवडाभरात धान वाळलं. निम्म्याहून जास्त गेलं. जे उरलं त्याचे भारे झाले, पुंजणं झालं. हे मला वहिनीकडून कळलं, मीच फोन करत होतो. दादा फोनवर आला तर कसं आहे, बरं आहे, एवढंच. समुद्राचं त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नकाशा मी उघडत नव्हतो असं नाही. सवय कुठे सुटते? पण बघून बंद करत होतो.

मग एके दिवशी सातला फोन वाजला. मी इतक्या घाईनं उचलला की चहा सांडला.

“काय म्हन्ते तुहा समुद्र?”

त्या दिवशी सकाळीच नकाशावर नवा पुंजका दिसलेला होता, यावेळी श्रीलंकेच्या वर. बुलेटिनही बघितलेलं होतं. शक्यता मध्यम. मी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं: येते, येत नाही, चार दिवस, दोन दिवस, पक्कं.

“दादा,” मी म्हणालो, “एक गोल दिसून राह्यला. पन इकडे येईन का नाही येईन, मले नाही माहीत.”

मला वाटलं, संपलं. आता हा कशाला विचारेल पुन्हा.

“हौ,” दादा म्हणाला. “मंग उद्याच चुरनं लावतो. पुंजनं मोडतो. तू येते काय?”

“येतो,” मी म्हणालो.

फोन ठेवून मी सांडलेला चहा पुसला. ‘मले नाही माहीत’, तीनच शब्द होते. त्या पहिल्या संध्याकाळीच म्हटले असते तर दादानं आपल्या मनानं पहिल्या पाळीलाच कापलं असतं, आणि चिन्नोर सगळं घरात आलं असतं. तीस वर्षं मी शून्य लिहायला लाजलो नाही, आणि एवढं म्हणायला मला दोन एकर लागले. याचा राग मला अजून येतो.